‘वाया गेलेले मत’ : तिसऱ्या पक्षाविषयी काही विचार

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत आमच्या नंदुरबार मतदारसंघात १३ मे रोजी मतदान होते. त्याच्या आठेक दिवस आधी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना तो मागच्या बाकावर बसायचा, आज चळवळीत पुढे असतो. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलला आणि मग एकदम म्हणाला, "सर, यंदा काय करानं?" प्रश्न मताचा होता हे उघड होते. मी लगेच काही बोललो नाही तेव्हा त्यानेच पुढे सांगितले की वस्तीत सगळे म्हणताहेत, या वेळी मत वाया घालवायचे नाही.

‘वाया’ हा शब्द मला तेव्हापासून टोचत राहिला आहे. भाकरी वाया जाते, पाणी वाया जाते, पण मत वाया जाते म्हणजे नेमके काय होते? हरलेल्या उमेदवाराला दिलेले मत वाया गेले असे म्हणावे, तर दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला मिळालेली पाच-सहा लाख मतेही वायाच गेली. त्यांना मात्र कोणी तसे म्हणत नाही. वाया जाते ते फक्त तिसऱ्याचे मत.

त्याच सुमारास जिल्ह्याबाहेरच्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्रावरचे एक व्याख्यान ऐकले होते. विद्वान वक्त्यांचे म्हणणे असे की प्रगल्भ लोकशाहीची वाट अखेर दोन पक्षांकडेच जाते, अमेरिका हे त्याचे उदाहरण आहे, आणि दलितांनी आता स्वतंत्र पक्षाचे ‘रोमँटिक’ स्वप्न सोडून दोनपैकी एका प्रवाहात सामील व्हावे. समोर बसलेली आमची मुले माना डोलावत होती. मला हे म्हणणे मुळात तपासून पाहावेसे वाटते, कारण त्यात अमेरिकाही अर्धीच सांगितली गेली होती आणि आमचा मुलूख तर मुळीच सांगितला गेला नव्हता.

अमेरिकेत तिसरा पक्ष उभा राहत नाही याचे कारण तिथला मतदार प्रगल्भ आहे हे नव्हे. कारण मत मोजण्याच्या पद्धतीत आहे. एका जागेवर एकच निवडून येणार, ज्याला एक मत जास्त तो सर्व घेऊन जाणार, आणि अध्यक्षपदासाठी तर जवळजवळ प्रत्येक राज्यातले सगळे निर्वाचक एकालाच मिळणार. फ्रेंच अभ्यासक मोरिस दुव्हर्जे यांनी १९५१ मध्ये हे सूत्ररूपाने मांडले. अशा पद्धतीत तिसऱ्याला मते मिळाली तरी जागा मिळत नाहीत, आणि जागा मिळत नाहीत हे पाहून मतदार पुढच्या वेळी मतेही देत नाही. शिवाय मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी राज्याराज्यांत हजारो सह्या गोळा कराव्या लागतात. ते नियम करणार कोण, तर तेच दोन पक्ष. घरमालकांनी भाडेकरूंसाठी नियम करावेत तसाच हा प्रकार आहे.

रॉस पेरो नावाच्या अब्जाधीशाने १९९२ मध्ये अध्यक्षपदाची निवडणूक लढवली. त्याला जवळजवळ एकोणीस टक्के, म्हणजे दोन कोटींच्या आसपास मते मिळाली. निर्वाचक किती? शून्य. त्याच्या चोवीस वर्षे आधी, १९६८ मध्ये, अलाबामाचा जॉर्ज वॉलेस तिसऱ्या पक्षातर्फे उभा होता. त्याला साडेतेरा टक्के मते मिळाली, पेरोपेक्षा कितीतरी कमी, पण निर्वाचक मात्र ४६. हा फरक कोठून आला? पेरोची मते देशभर विखुरलेली होती, वॉलेसची मते दक्षिणेकडच्या पाच राज्यांत एकवटलेली होती. वॉलेस हा काळ्यांना गोऱ्यांच्या शाळेत पाय ठेवू न देणारा गृहस्थ. म्हणजे या पद्धतीने तिसरेपणाला शिक्षा केली नाही. शिक्षा केली ती विखुरलेपणाला.

दलित वाचकाला यापुढे काही सांगावयास नको. आमची वस्ती प्रत्येक गावात आहे आणि एकाही गावात बहुमतात नाही. गावाने आम्हांला वेशीबाहेर ठेवले, पण सगळ्यांना एका वेशीबाहेर ठेवले नाही, लाखो वेशींबाहेर वाटून टाकले. त्यामुळे पेरोचे गणित हेच आमचे गणित आहे. बाबासाहेब हे गणित १९३२ च्याही आधीपासून ओळखून होते. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी ही विखुरलेल्या माणसांची मते एका पेटीत आणण्याची मागणी होती. पुणे कराराने जागा वाढवून दिल्या पण ती पेटी काढून घेतली. म्हणून दलितांच्या संदर्भात तिसऱ्या पक्षाचा प्रश्न हा पुणे कराराचाच प्रश्न आहे, तो फक्त दर पाच वर्षांनी नव्या कपड्यांत येतो. तो अमेरिकेतल्या नमुन्यावर सोडवता येईल असे म्हणणाऱ्यांनी येरवडा एकदा आठवावा.

आता या नियमाची दुसरी बाजू. तोच नियम भारतात आहे, एक मतदारसंघ, एक विजयी. मग येथे दोनच पक्ष का झाले नाहीत? कारण देशाच्या पातळीवर तिसरा असलेला पक्ष एखाद्या राज्यात पहिला असतो, राज्यात चौथा असलेला एखाद्या तालुक्यात दुसरा असतो. तिसरेपणा हा गुणधर्म पक्षाला चिकटलेला नसतो, तो जागेप्रमाणे बदलतो. ही साधी गोष्ट व्याख्यानात आली नाही.

परंतु व्याख्यात्यांनी अमेरिकेचे नाव घेतले आहे तर त्या देशाच्या इतिहासातले एक पान उलटलेच पाहिजे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी जे केले त्याबद्दल. हे सदाचारी लोक निवडणुकीत काय करत होते? त्यांच्यातल्या काहींनी १८४० मध्ये ‘लिबर्टी पार्टी’ काढली. तिसरा पक्ष, आणि इतका लहान की हसावे. १८४४ मध्ये एका बाजूला हेन्री क्ले, दुसऱ्या बाजूला जेम्स पोक, दोघेही गुलामांचे मालक. न्यू यॉर्क राज्यात क्ले सुमारे पाच हजार मतांनी हरला, आणि तिथे लिबर्टी पार्टीच्या बर्नीला पंधरा हजारांवर मते पडली होती. न्यू यॉर्क गेले म्हणून क्लेचे अध्यक्षपद गेले. मग काय, सगळीकडे एकच ओरड झाली की तुम्ही मते कापली, तुमच्यामुळे जास्त वाईट माणूस आला. आज आमच्या वस्तीत जे बोलले जाते ते शब्दशः जुने आहे.

त्या ओरडीत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. पोकच्या कारकिर्दीत गुलामगिरीचा मुलूख वाढलाच. मते कापण्याचा परिणाम खरा असतो, आणि २००० साली फ्लोरिडात राल्फ नेडरच्या सत्त्याण्णव हजार मतांसमोर ५३७ मतांचा निकाल ज्यांनी पाहिला ते तो नाकारणार नाहीत. पण प्रश्न असा आहे की दोन गुलाममालकांतून कमी वाईट मालक निवडा, हा सल्ला गुलामाने किती पिढ्या ऐकावा? लिबर्टी पार्टीच्या माणसांनी तो ऐकला नाही. त्यांच्यातले बरेच लोक १८४८ मध्ये ‘फ्री सॉइल’ पक्षात गेले, १८५४ मध्ये त्यातूनच आणि मोडलेल्या व्हिग पक्षातून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, आणि १८६० मध्ये चौरंगी लढतीत चाळीस टक्क्यांच्या आसपास मतांवर लिंकन अध्यक्ष झाला.

हा प्रवास आपण सोयीस्करपणे गौरवाने सांगतो. त्यातले दोन अडचणीचे मुद्दे गाळले जातात. एक असा की तिसरा पक्ष मोठा होत गेला तसतशी त्याची मागणी लहान होत गेली. लिबर्टी पार्टीला गुलामगिरी संपवायची होती, रिपब्लिकनांना १८६० मध्ये ती फक्त नव्या मुलखात पसरू द्यायची नव्हती. ती संपली ती युद्धामुळे. दुसरा असा की तिसरा पक्ष दुसरा होऊ शकला कारण आधीच्या दोनांपैकी एक मोडला. व्हिग मोडले नसते तर लिंकन इलिनॉयमध्ये वकिलीच करीत बसला असता.

बाबासाहेब १९१३ च्या जुलैत न्यू यॉर्कला पोहोचले, तेव्हा अशाच एका सल्ल्याचे फळ तिथे पिकत होते. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस हे काळ्यांचे थोर विचारवंत, पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले तेच. १९१२ मध्ये ते समाजवादी पक्षात होते. त्यांनी तो सोडला आणि काळ्यांनी डेमोक्रॅट वुड्रो विल्सनला मत द्यावे असे सांगितले. विल्सन निवडून आला आणि वर्षभरात त्याच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कारकुनांची टेबले वेगळी काढली गेली. डु बॉइस हे विसरले नाहीत. १९५० मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते स्वतः ‘अमेरिकन लेबर पार्टी’ या तिसऱ्या पक्षातर्फे सिनेटसाठी उभे राहिले. दोन लाखांच्या आसपास मते घेतली आणि पडले. व्यावहारिक शहाणपणाचा हा हिशेब कोणी मांडत नाही. ज्यांनी मत ‘वाया घालवले नाही’ त्यांच्या मताचे काय झाले, हेही कधीतरी मोजले पाहिजे.

आता आपल्याकडे येतो. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष हा अर्थाने आणि नावाने तिसरा पक्ष होता. १९३७ च्या निवडणुकीत त्याच्या सतरा उमेदवारांपैकी बहुसंख्य निवडून आले, आणि बाबासाहेबांनी त्या बळावर खोतीविरुद्ध विधेयक मांडले, शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला, १९३८ मध्ये कामगारांचा संप केला. त्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ रोजी, ते धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्कामी होते. दरवर्षी त्या तारखेला आम्ही खानदेशातले लोक तिथे जमतो. तिथे विकल्या जाणाऱ्या पुस्तकांत मला स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा कधी दिसला नाही. (दिसला असता तर कदाचित आमच्यातल्या काहींना तो दुसऱ्याच कोणाचा वाटला असता.)

नंतर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आले. १९५२ मध्ये खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात पडले. तेव्हा दोन सदस्यांचे मतदारसंघ होते, आणि ‘मत कुजवणे’ असा एक शब्द प्रचारात होता. आपल्या एकाच माणसाला मत द्यायचे आणि दुसरे मत कोणालाच न देता कुजवायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लाभ होत नाही. भंडाऱ्यात कार्यकर्त्यांनी ही युक्ती सुचवली आणि बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही, अशी आठवण जुने लोक सांगत आले आहेत. ज्याने घटना लिहिली तो मत कुजवा असे कसे सांगणार? ‘वाया जाणे’ आणि ‘कुजवणे’ या दोन शब्दांतले अंतर ध्यानात घ्यावयास हवे. कुजवणे ही मतदाराने केलेली गोष्ट आहे. वाया जाणे हे दुसऱ्याने त्याच्या मताविषयी काढलेले अनुमान आहे.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात खानदेश आणि मराठवाडा पुढे होते, आणि १९६४ च्या डिसेंबरात देशभर लाखोंनी तुरुंग भरले. हे बळ हातात असताना १९६७ मध्ये काँग्रेसशी युती झाली. अमेरिकेत याला जुळणारा प्रसंग १८९६ चा. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या पीपल्स पार्टीने १८९२ मध्ये बावीस निर्वाचक मिळवले होते. चार वर्षांनी तिने डेमोक्रॅटांचाच उमेदवार आपला मानला. तो हरला आणि पक्ष त्याच्या सावलीत विरून गेला. त्यांचा दक्षिणेतला नेता टॉम वॉटसन सुरुवातीला गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना एक व्हा असे सांगत असे, पुढे तोच काळ्यांचा कडवा द्वेष्टा झाला.

मी युतीच्या विरोधात आहे असा याचा अर्थ घेऊ नये. १९९८ मध्ये काँग्रेसशी समझोता होता, आणि प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून व रामदास आठवले उत्तर-मध्य मुंबईतून असे चौघे खुल्या जागांवरून लोकसभेत गेले. खुल्या जागांवरून! हे विखुरलेपणावरचे उत्तर होते आणि ते कागदावरचे नव्हते. वर्षभरात लोकसभा विसर्जित झाली आणि ऐक्यही. माझा आक्षेप युतीवर नसून युतीच्या क्षणी हातात काय होते त्यावर आहे. १९६४ ला तुरुंगात गेलेल्या भूमिहीनाला १९६७ च्या वाटाघाटीत खुर्ची नव्हती. त्याच्या नावावर जमिनीऐवजी जिल्हा परिषदेच्या जागा मागितल्या गेल्या.

येथे मला अमेरिकेतल्या एका तालुक्याएवढ्या जागेविषयी थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. ब्लॅक पँथर पार्टी १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला निघाली हेही अनेकांना ठाऊक असते. पण तो काळा बिबळ्या ओकलंडचा नव्हे. तो अलाबामा राज्यातल्या लाउन्डस् नावाच्या खेडवळ काउंटीतला, आणि तो होता एका तिसऱ्या पक्षाचे निवडणूक चिन्ह.

लाउन्डस् काउंटीत शेकडा ऐंशी लोक काळे, बहुतेक कूळ किंवा शेतमजूर, आणि १९६५ च्या प्रारंभी मतदार यादीत काळ्यांचे नाव म्हणावे तर एकही नाही. नाव नोंदवणाऱ्याला मालक जमिनीवरून हाकलीत. हाकललेली कुटुंबे रस्त्याच्या कडेला तंबू टाकून राहिली. त्यांनी स्टोकली कार्मायकेल आणि ‘स्निक’ या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांच्या मदतीने आपला काउंटीपुरता पक्ष काढला. डेमोक्रॅटांत का गेले नाहीत? अलाबामाच्या डेमोक्रॅटांचे चिन्ह पांढरा कोंबडा होते, आणि त्याच्यासोबत गोऱ्यांच्या वर्चस्वाचे घोषवाक्य छापलेले असे. निरक्षर मतदारांसाठी प्रत्येक पक्षाला चिन्ह आवश्यक होते, म्हणून यांनी बिबळ्या घेतला. कोंबड्यासमोर बिबळ्या! तळोद्याच्या उसात बिबट्या पाहिलेल्या आमच्या माणसाला ही निवड समजावून सांगावी लागणार नाही.

पण मला त्या चिन्हापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी साध्या चित्रांच्या पुस्तिका काढल्या. शेरीफचे काम काय, कर आकारणाऱ्याच्या हातात काय असते, शाळामंडळ कशाला असते, आणि या जागेवर तुमच्यातला माणूस बसला तर काय बदलेल. उमेदवार कोण हे नंतर, जागा काय आहे हे आधी. ८ नोव्हेंबर १९६६ ला मतदान झाले आणि त्यांचे सगळे उमेदवार पडले. मते वाया गेली. चार वर्षांनी, १९७० मध्ये, त्याच चळवळीतला जॉन ह्युलेट त्याच काउंटीचा शेरीफ झाला, तोही राज्यातल्या एका तिसऱ्याच पक्षातर्फे. जो शेरीफ लोकांना मारायला येत असे त्याच्या खुर्चीवर.

आपण बिबळ्या आणला, काउंटी आणली नाही. हे मी पँथरला दोष देण्यासाठी लिहीत नाही. १९७४ च्या जानेवारीत मुंबईतल्या लोकसभा पोटनिवडणुकीवर पँथरने बहिष्कार टाकला, वरळीत दंगल झाली, भागवत जाधव मारले गेले, आणि काँग्रेसचा उमेदवार पडला. मत न देण्याची ताकद महाराष्ट्राला त्यांनीच दाखवली. परंतु त्या ताकदीला तलाठी, तहसीलदार, पंचायत समिती यांची चित्रे काढून दाखवणारी पुस्तिका लाभली नाही. आमचे साहित्य खूप झाले. तशी पुस्तिका मी अजून पाहिलेली नाही, आणि तीस वर्षे मास्तर असून मीही ती लिहिली नाही.

आता आमचा जिल्हा. नंदुरबार १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. लोकसंख्येत सत्तर टक्क्यांच्या जवळ आदिवासी, अनुसूचित जाती तीन टक्क्यांच्या आसपास. विधानसभेच्या चारही जागा आणि लोकसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. ते योग्यच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याचा एक अर्थ स्पष्ट करून सांगतो. मी, एक बौद्ध, या जिल्ह्यातून आमदारकीला किंवा खासदारकीला उभाच राहू शकत नाही. येथे दलितांचा तिसरा पक्ष व्हायचा असेल तर तो आदिवासी माणसाच्या रूपानेच व्हावा लागेल. मुंबई-नागपूरच्या लेखांतून ‘दलित-आदिवासी’ असे जोडचिन्ह सहज पडते. येथे त्या आडव्या रेघेवरून पायी चालावे लागते.

ही लोकसभेची जागा १९७७ च्या लाटेतही काँग्रेसकडेच राहिली. माणिकराव गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून सलग नऊ वेळा निवडून आले. आणि याच काळात याच मातीत काय चालले होते? १९७१ मध्ये पाटीलवाडीला आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग सुरतवंती उभे राहिले, १९७२ मध्ये शहाद्याला श्रमिक संघटना झाली, सालदारांची मजुरी वाढली, बळकावलेल्या जमिनी काही प्रमाणात परत मिळाल्या, बायकांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या. १९७८ मध्ये शरद पाटील मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले आणि त्यांनी धुळ्यातून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. मार्क्स, फुले आणि आंबेडकर यांना एकत्र विचारात घेणारा पक्ष आमच्या पश्चिम खानदेशात निघाला, ही लहान गोष्ट नव्हे. तरी मतपेटीत पंजाच.

पुष्कळ अभ्यासक याला आदिवासींचे अज्ञान म्हणत. मी शहादा तालुक्यात नोकरी केली, मला तसे दिसले नाही. मोर्चात पुढे असणारा गडी मतदानाला पंजावर शिक्का मारी, कारण मुलाचा आश्रमशाळेतला प्रवेश, जंगलखात्याची केस, रेशनकार्ड ही सगळी कामे एका विशिष्ट घराच्या ओट्यावरून होत. मोर्च्याने मजुरी मिळत असे, दाखला मिळत नसे. तो मूर्ख नव्हता. त्याने दोन कामांसाठी दोन दरवाजे ठेवले होते.

आणि तिसऱ्या चिन्हाची त्याला भीती होती असेही नाही. २००९ मध्ये नवापुरात काँग्रेसचे दिग्गज सुरूपसिंग नाईक यांना शरद गावितांनी हरवले, तेही समाजवादी पक्षाच्या सायकलीवर! नवापुरात समाजवादी पक्षाचे किती सभासद होते ते विचारू नये. २०१४ मध्ये गावितांचे दुसरे घर राष्ट्रवादीतून भाजपकडे गेले, हीना गावित निवडून आल्या आणि अर्धशतकाचा गड पडला. २०२४ च्या विधानसभेला त्याच हीना गावित अक्कलकुव्यात अपक्ष उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या आल्या, पण पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवारांत काही हजारांचेच अंतर होते. दुव्हर्जे साहेबांचा मतदार येथे कोठे आहे? ज्याच्याजवळ ओटा आहे त्याचे चिन्ह कोणतेही चालते. म्हणजे आमच्याकडे मत वाया जाते ते तिसऱ्या चिन्हाला दिल्यामुळे नव्हे. ज्याच्या दारात दुसऱ्या दिवशी जाता येत नाही त्याला दिलेले मत वाया गेले असे लोक म्हणतात. या अर्थाने लोकांचे बरोबर आहे, आणि आम्हां आंबेडकरी कार्यकर्त्यांना हे ऐकून घ्यावे लागेल.

२०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडी उभी राहिली. राज्यात तिला सात टक्क्यांच्या जवळ मते मिळाली. जागा मिळाली ती औरंगाबादेत तिच्या मित्रपक्षाला. सोलापूर, नांदेडमध्ये तिची मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त होती, त्यावरून जे रणकंदन झाले ते वाचकांना आठवत असेल. आमच्या नंदुरबारात तिच्या उमेदवाराला पंचवीस हजारांच्या आसपास मते पडली आणि निकालाचा फरक होता पंचाण्णव हजारांचा. येथे कोणाचेही काही कापले गेले नव्हते. तरीही निकालाच्या दुसऱ्या दिवशी एका मोठ्या पक्षाच्या तालुका पातळीवरच्या कार्यकर्त्याने मला चौकात थांबवून ऐकवले, "गुरुजी, तुमच्या लोकांनी आमचा घात केला." मी त्याला आकडे सांगितले. त्याला आकडे नको होते. आमचे मत त्याच्या घरचे होते आणि ते घर सोडून गेले, एवढाच त्याचा राग होता.

त्या पंचवीस हजारांत माझे एक मत होते. आज मागे वळून पाहता मला त्या मताचा पश्चात्ताप नाही, पण त्यानंतरच्या पाच वर्षांचा आहे. पंचवीस हजार माणसे म्हणजे थोडी नव्हेत. लाउन्डस् काउंटीची सगळी लोकसंख्यादेखील इतकी नव्हती. त्यांपैकी किती बौद्ध, किती भिल्ल, किती पावरा, किती मुसलमान, कोणी यादी केली? २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे घेऊन धडगावचा माणूस तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेला मी अनेकदा पाहिला. माझ्याजवळ पेन होते, वेळ होता, मराठी अर्ज लिहिता येत होता. मी जयंतीच्या मिरवणुकीची वर्गणी गोळा करून घरी आलो. वाहरू सोनवणे यांच्यासारखा भिल्ल कवी श्रमिक संघटनेतून आला आणि त्याने मराठी कवितेला नवा आवाज दिला, त्याचे आम्ही कौतुक केले, परिसंवाद घेतले. त्याच्या माणसांच्या अर्जावर मात्र आमच्या वस्तीतल्या सुशिक्षितांचे अक्षर क्वचितच उमटले. मग पाच वर्षांनी त्यांनी आमच्या चिन्हावर बोट का ठेवावे?

२०२४ ला राज्यभर वंचितची मते निम्म्याहून खाली आली. संविधान बदलणार ही भीती वस्त्यावस्त्यांत होती, आणि ती निराधार होती असे मला वाटत नाही. आमच्याकडे काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी जिंकले. इतक्या मोठ्या फरकात तीन टक्क्यांचे मत निर्णायक होते असे कोणी म्हणणार नाही, आणि म्हणालेही नाही. गंमत अशी की आम्ही मत ‘वाया घालवले’ तेव्हा चौकात थांबवून जाब विचारला गेला, आणि वाया घालवले नाही तेव्हा कोणी आभार मानायलाही आले नाही.

विद्यार्थ्याला मी त्या दिवशी यातले बरेचसे सांगितले, इतके सुसंगत नव्हे. तो ऐकत होता. शेवटी त्याने विचारले, "सर, एकोणीसले तुम्ही कोनले दिधं व्हतं?" मी सांगितले. "आनि यंदा?" तेही सांगितले, पंजाला देणार आहे. त्याने मान हलवली, बरोबर की चूक काहीच म्हणाला नाही. कपबशी खाली ठेवून त्याने पिशवीतून एक वही काढली. गुरुवारी आठवडी बाजाराच्या दिवशी तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज लिहून द्यायचे त्याच्या मनात होते, पावरी बोलणारा एक मुलगा तयार होता, शुद्ध मराठी लिहिणारे कोणी हवे होते. वहीत त्याने माझे नाव आधीच लिहून आणले होते. फक्त वार मला जमतो का ते विचारायचे राहिले होते.